लेक जर्मनीत व्हॉलंटियर आहे, चर्चवाल्यांनी नाताळला बोलावलंय, काय काय लक्षात ठेवायला सांगू?

राजारामपुरीची_आई:

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक होईल पण सगळं सांगितल्याशिवाय कळायचं नाही म्हणून लिहिते. माझी लेक सप्टेंबरपासून जर्मनीत आहे, ड्रेस्डेनजवळ एक छोटंसं गाव आहे तिथं. शिकायला नाही गेली, वर्षभर सेवा करायचा जो सरकारी प्रोग्राम असतो त्यावर गेलीय, बुन्डेसफ्रायविलिगनडीन्स्ट असं भलंमोठं नाव आहे. खर्चाला थोडे पैसे देतात, राहायला खोली, विमा, आणि काम एका वृद्धाश्रमात. आज्यांना नाश्ता भरवायचा, व्हीलचेअरवरनं बागेत फिरवून आणायचं, दुपारी त्यांच्याबरोबर पत्ते खेळायचे. वृद्धाश्रम तिथल्या प्रोटेस्टंट चर्चच्या सेवासंस्थेचा आहे त्यामुळं चर्चची माणसं रोज येऊन जाऊन असतात आणि पोरीला फार जीव लावतात.

तर आता २४ डिसेंबरला संध्याकाळी चर्चमध्ये उपासना आहे आणि त्यानंतर तिथल्याच हॉलमध्ये जेवण. ज्यांचं गावात कुणी नाही, म्हातारी एकटी माणसं, बाहेरच्या देशातनं आलेली, अशा सगळ्यांसाठी ते जेवण ठेवतात म्हणे. त्याला हिला बोलावलंय. इथवर सगळं छानच आहे, पण तिथल्या पाळकबाईंनी (हो, बाईच आहेत) तिला असंही विचारलंय की उपासनेत एक-दोन मिनिटं तू तुझ्या भाषेत काहीतरी वाचशील का. बायबलमधला येशूच्या जन्माचा भाग किंवा तुला जमेल ते. पोरगी खूश आहे पण बावरलीय पण. रात्री व्हिडिओ कॉलवर मला म्हणाली आई तू तिथं कुणालातरी विचार, मला काही चुकीचं वागायचं नाहीय.

आम्ही हिंदू, घरात अंबाबाईचं सगळं रीतसर चालतं. सासूबाई तर सरळ म्हणाल्या जाऊ दे की, चार माणसं मायेनं बोलवतात तर जायचं. ह्यांना मात्र थोडी काळजी वाटते, ते प्रसादासारखं भाकरी आणि द्राक्षारस देतात ते घ्यायचं का, नाही घेतलं तर अपमान होतो का, वाचलं तर त्याचा काही वेगळा अर्थ निघतो का. मला स्वतःला वाटतं तिनं जावं, पण पाहुणी म्हणून कसं वागावं ते मला सांगता येईना. जेवणात काय असेल तेही माहिती नाही, ती मटण-चिकन खाते पण डुक्कर आणि बीफ नाही. रिकाम्या हातानं जाऊ नये हे मी सांगितलंय, पण काय न्यावं?

इथं ख्रिस्ती मंडळी असतील, किंवा कुणी तिकडं राहून आलेले असतील तर प्लीज मोकळेपणानं सांगा.


जुनी_शाहूपुरी:

ताई, सलाम. मी इथलीच, जन्मापासून ख्रिस्ती, शाळेत शिकवून रिटायर झालेय. तुमची पोस्ट वाचून फार बरं वाटलं, विचारून जाणारी माणसं कमी असतात.

आधी ह्यांची जी काळजी आहे ती. भाकरी आणि द्राक्षारस ह्याला आम्ही प्रभुभोजन म्हणतो. तो प्रसाद नव्हे ताई, म्हणजे आलेल्या प्रत्येकाच्या हातावर ठेवायचा असा तो नसतो. बाप्तिस्मा घेतलेल्या माणसानं, मन तपासून, विश्वासानं घ्यायची गोष्ट आहे. तेव्हा तिनं ते घेऊ नये, आणि न घेण्यात कणभरही अपमान नाही. आमच्यातली माणसंसुद्धा मनात कुणाशी वैर असेल तर त्या दिवशी उठत नाहीत, बाकावर बसून राहतात, कुणी वळून बघत नाही. आणि २४ च्या संध्याकाळच्या उपासनेत बहुतेक प्रोटेस्टंट चर्चमध्ये प्रभुभोजन ठेवतच नाहीत, गाणी, वाचन, मुलांची नाटिका आणि आशीर्वाद एवढंच असतं. कॅथलिक चर्चमध्ये असती तर मिस्सा असता, तिथं ते असतंच.

उभं राहायच्या वेळी सगळ्यांबरोबर उभं राहावं, बसायच्या वेळी बसावं. प्रार्थनेला डोळे मिटून शांत बसलं तरी पुरे. गाणी येत नसतील तर नुसतं पुस्तक हातात धरून ऐकलं तरी चालतं. आमच्याकडं बायका प्रार्थनेच्या वेळी डोक्यावर पदर घेतात, तिकडं तशी पद्धत नाही, तेव्हा ओढणीची चिंता नको. अर्पणाची थैली किंवा टोपली फिरते त्यात जमेल ते टाकावं, नाही टाकलं तरी पुढं सरकवायची.

आता वाचनाचं. तुम्ही वाचलं म्हणजे तुम्ही काही कबूल केलं असं अजिबात नसतं. कबुली देणं वेगळं, त्याला आमच्याकडं वर्ग असतात, तयारी असते, मंडळीसमोर प्रश्न विचारतात, ते कुणी नकळत करून बसत नाही. वाचन म्हणजे सणाच्या दिवशी ती गोष्ट आणखी एका भाषेत ऐकायची, बस. मी सुचवेन लूकच्या दुसऱ्या अध्यायातल्या ८ ते १४ ह्या सात ओव्या, ओव्या म्हणजे वचनं. रात्री रानात मेंढपाळ कळप राखत बसलेत, देवदूत येतो, ते घाबरतात, तो म्हणतो भिऊ नका, आणि शेवटी पृथ्वीवर शांती. मोठ्यानं सावकाश वाचलं तर दीड मिनिट. मोबाइलवर बायबलच्या ॲपमध्ये मराठी मजकूर मिळतो, त्यातला सोप्या भाषेतला घ्यायला सांगा, जुन्या भाषांतरातले काही शब्द तिच्या जिभेला वळायचे नाहीत. आणि घरी मोठ्यानं चार वेळा वाचून बघू दे, माइकसमोर घाई होते.

तुम्हाला एक सांगावंसं वाटतं, कोल्हापुरात बऱ्याच जणांना माहिती नसतं. आपल्या गावात ख्रिस्ती मंडळी सुरू झाली ती अमेरिकेचे रेव्हरंड वायल्डर १८५२ ला इथं आले तेव्हापासून, त्यांच्या नावाचं वायल्डर मेमोरियल चर्च तुम्ही बघितलंच असेल. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ साली इथं कोल्हापुरातच जन्मला. तो पुढं अमेरिकेत शिकायला गेला आणि १८८६ पासून तिथल्या कॉलेजातल्या पोरांना परदेशी जायला तयार करणारी जी स्टुडंट व्हॉलंटियर चळवळ उभी राहिली तिच्या मुळाशी हा कोल्हापुरात जन्मलेला मुलगा होता. ती मुलं धर्मप्रचाराला निघालेली होती, तुमची लेक सेवेला गेलीय, दोन्ही गोष्टी एक नाहीत हे मी जाणते. पण परक्या गावात, परक्या भाषेत, परक्या लोकांच्या सणात बसायचं म्हणजे काय हे आमच्या मंडळींच्या घराघरांत सांगितलं गेलंय. त्या काळी आलेल्या बायकांना इथल्या बायकांनीच चूल कशी पेटवायची ते दाखवलं असणार. आता तुमच्या लेकीला तिथल्या बायका दाखवतायत.

न्यायला शंकरपाळ्या. आमच्या घरी नाताळला करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या सगळं होतं, दिवाळीसारखंच फराळाचं ताट शेजारी जातं. तेव्हा नाताळच्या टेबलावर शंकरपाळी अगदी शोभेल.


पंचगंगा_ते_एल्बे:

काकू नमस्कार! मी सेम प्रोग्रामवर सेम भागात राहून आलोय, झाक्सन राज्यात, म्हणून लगेच लिहायला बसलो. मॅडमनी चर्चचं सगळं बरोबर सांगितलंय, मी बाकीचं सांगतो.

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, ड्यूटी. वृद्धाश्रमाला सुट्टी नसते, २४ ला कुणाला तरी शिफ्ट असणारच, आणि व्हॉलंटियरचं नाव रोस्टरमध्ये सहज टाकतात. तिला सांगा आजच वॉर्डच्या हेडला भेटून सांग की त्या संध्याकाळी मला चर्चमध्ये वाचायचंय, लेट शिफ्ट नको. आधी सांगितलं की ती माणसं बरोबर ॲडजस्ट करतात, शेवटच्या आठवड्यात सांगितलं की नाही करत. बदल्यात सकाळची शिफ्ट घे म्हणावं, २४ ची सकाळ तिथं लई भारी असते, आज्या सगळ्या ठेवणीतले कपडे घालून बसलेल्या असतात.

दुसरं, २४ ला दुपारी दोनपर्यंत सगळी दुकानं बंद होतात आणि २५ आणि २६ दोन्ही दिवस सुट्टी. सगळं म्हणजे सगळं बंद. दूध, ब्रेड, मोबाइलचं रिचार्ज जे काय पाहिजे ते २३ लाच. गावातल्या बसपण त्या संध्याकाळी कमी असतात, रात्री परत कसं यायचं ते आधीच चर्चमधल्या कुणाला तरी विचारून ठेवायचं, गाडीतनं सोडतो म्हणणारे दहा जण भेटतील पण विचारायला लागतं, न विचारता कुणी पुढं होत नाही, तो तिथला स्वभाव आहे, प्रेम कमी आहे म्हणून नाही.

चर्चला अर्धा तास आधी पोचायचं. आता ऐका, ही गोष्ट काकांना मुद्दाम सांगा. पूर्व जर्मनीत निम्म्याहून जास्त लोक कुठल्याच चर्चचे मेंबर नाहीत, चाळीस वर्षं कम्युनिस्ट राजवट होती तिथं. पण २४ च्या संध्याकाळी चर्चला पाय ठेवायला जागा नसते, वर्षभर कधी न येणारी माणसं पोराबाळांना घेऊन येतात. त्यामुळं श्रद्धा नसताना बाकावर बसलेली ती एकटी असणार नाही, तिच्या डाव्या-उजव्या हाताला पण तसेच असतील. कुणीही कुणाला तू कोण म्हणून विचारत नाही.

कोट आत पण घालूनच बसतात, दगडी जुनी चर्च असतात, हीटिंग पुरत नाही. चारलाच अंधार पडलेला असतो. बाहेर पितळी वाद्यांचं पथक वाजवत असतं, आपल्या लग्नातल्या ब्रास बँडची वाद्यं तीच पण एकदम संथ. आत मोठा कागदी तारा लटकवलेला असेल, टोकं टोकं असलेला, तो त्यांच्याच राज्यातल्या हेर्नहूट गावचा, तिथं त्याचा फार अभिमान आहे, आज्यांना त्याबद्दल विचारलं की त्या तासभर बोलतील. टेबलावर चार मेणबत्त्यांची हिरवी माळ असेल, नाताळच्या आधीच्या चार रविवारी एकेक पेटवत जातात, १८३९ ला हॅम्बुर्गमध्ये अनाथ पोरांच्या एका घरात सुरू झालेली पद्धत आहे ती. गाण्यांचे नंबर भिंतीवरच्या पाटीवर लावलेले असतात त्याप्रमाणं पुस्तक उघडायचं. अर्पणाचे पैसे त्या दिवशी बहुतेक ब्रोट फ्यूर दी वेल्ट म्हणून त्यांची संस्था आहे, १९५९ पासून गरीब देशांत काम करते, तिकडं जातात. भारतातपण जातात ते पैसे. मी दोन युरो टाकलेले.

जेवण. २४ च्या रात्री साधं असतं, बटाट्याचं सॅलड आणि उकडलेले सॉसेज. सॉसेज बहुतेक डुकराचेच, तेव्हा ते नाही घ्यायचे. हंस वगैरे २५ ला. ती आधीच सांगू दे की माझ्यासाठी शाकाहारी ठेवा, तिथं शाकाहारी म्हटलं की सोपं जातं, हे चालतं ते नाही चालत सांगत बसलं की त्यांचा गोंधळ उडतो. बटाट्याच्या सॅलडमध्ये पण कधीकधी बेकनचे तुकडे असतात, विचारून घ्यायचं. ग्लूवाइन म्हणजे मसाले घालून गरम केलेली दारूच असते, वास भारी येतो पण नको असेल तर किंडरपुन्श मागायचा, तो तसाच लागतो आणि दारू नसते. श्टोलन नावाचा बर्फासारखी साखर लावलेला केक येईल, त्यातले बेदाणे बऱ्याचदा रममध्ये भिजवलेले असतात.

आणि काकू, जेवण झालं की तिला सांगा सरळ किचनमध्ये जा आणि फडकं घे. भांडी धुणारी एक बाई आणि पुसणाऱ्या चार जणी असा तिथं कारखाना चालतो. हॉलमध्ये सगळे टेबलाला नीट बसून हळू बोलतात, तिथं आपल्याला काही सुचत नाही. किचनमध्ये सगळ्या मोकळ्या होतात. ओली बशी हातात येते, पुसून कुठल्या कपाटात ठेवायची ते कुणीतरी ओरडून सांगतं, तू कुठली, आई काय करते, तिकडं आत्ता किती वाजले, असं सुरू होतं. माझी जर्मन भाषा क्लासमध्ये कमी आणि त्या किचनमध्ये जास्त सुधारली. पाहुणी म्हणून बसून राहण्यापेक्षा कामाला हात लावलेला त्यांना मनापासून आवडतो.

एक अजून. त्या रात्री घरची आठवण येणार, कितीही चांगली माणसं असू देत. जर्मनीत रात्रीचे नऊ म्हणजे आपल्याकडं दीड. जागे राहा आणि फोन उचला.


गडहिंग्लजचा_मास्तर:

ताई, राग मानू नका, काळजीनं लिहितो. जायला काहीच हरकत नाही, जेवायला तर नक्कीच जावं. पण पुढं उभं राहून धर्मग्रंथ वाचणं ह्यावर एकदा शांतपणे विचार करा. आजकाल कुणीतरी फोटो काढतो, वेबसाइटवर टाकतो, तो फिरत फिरत इथं येतो आणि नातेवाइकांत भलतीच चर्चा सुरू होते. पोरगी तिकडं, उत्तरं तुम्हाला द्यावी लागतात. त्यापेक्षा तिनं पसायदान म्हणावं, आपलंही आणि सगळ्या जगासाठी मागणं पण त्यात आहे. आणि तिला मनातनं वाचावंसं वाटत नसेल तर कुणाच्या भिडेखातर वाचू नये एवढंच.


जुनी_शाहूपुरी:

मास्तर, तुमचं शेवटचं वाक्य मला पूर्ण पटतं, भिडेखातर काही करू नये. पसायदानही सुंदरच आहे. फक्त एक लक्षात घ्या, उपासनेला क्रम असतो, कुठल्या जागी काय यायचं ते पाळक ठरवतात. म्हणून तिनं पाळकबाईंना सरळ विचारावं की जन्माची गोष्ट वाचू, की आमच्याकडचं शांतीचं मागणं म्हणू, की माझ्या शब्दांत दोन वाक्यं बोलू. उपासनेच्या शेवटी सगळ्या जगासाठी मागण्या करतात, त्यात शांतीसाठी एक मागणी मराठीत म्हणणं हेही शोभून दिसतं. पाळकबाईंनी "तुला जमेल ते" म्हटलंय ना, म्हणजे त्यांनी दार उघडंच ठेवलंय. त्यांच्याशी बोलायचं सोडून आपण इथं बसून ठरवणं बरोबर नाही. आमच्या चर्चमध्ये कुणी हिंदू शेजारी नाताळला आले तर आम्हाला एवढंच वाटतं की त्यांना अवघडू नये. तिथल्या लोकांनाही तेच वाटत असणार.


पंचगंगा_ते_एल्बे:

मास्तर, फोटोचा मुद्दा बरोबर आहे पण त्यावर उपाय आहे. जर्मनीत फोटोच्या बाबतीत लई कडक नियम आहेत, चर्चच्या पेपरात किंवा वेबसाइटवर टाकायचा असेल तर विचारतात. तिनं नको म्हटलं तर विषय संपला, कारण पण द्यावं लागत नाही. फक्त ते आधी सांगायचं.


राजारामपुरीची_आई:

सगळ्यांचे मनापासून आभार, मास्तर तुमचे पण, तुम्ही जे लिहिलं तेच ह्यांच्या मनात होतं आणि ते मोकळेपणानं बोललं गेलं ते बरं झालं. हे सगळं मी तिला वाचून दाखवलं. तिनं काल पाळकबाईंशी बोलून घेतलं, त्यांनी तिन्ही पर्यायांना हो म्हटलं. पोरीनं मेंढपाळांची गोष्टच निवडली. म्हणाली आई, माझ्या वॉर्डातल्या सात-आठ आज्या त्या दिवशी व्हीलचेअरवरनं येणार आहेत, त्यांना ती गोष्ट लहानपणापासून तोंडपाठ आहे, मराठीत वाचली तरी देवदूत कुठं आला आणि ते कुठं घाबरले ते त्यांना बरोबर कळणार, पसायदान म्हटलं तर त्यांना नुसता आवाज ऐकू येईल. ह्यांना हे पटलं. म्हणाले म्हाताऱ्या माणसांसाठी वाचतेय तर वाचू दे. रोस्टरचं पण तिनं लगेच सांगितलं, सकाळची शिफ्ट मिळालीय. फोटोला नाही म्हणणार नाही म्हणते, पण वेबसाइटवर नको असं सांगणार आहे.

आता शंकरपाळ्यांचं सांगा, मी इथनं करून पाठवू का? साजूक तुपातल्या करते मी. सोबत थोडा चिवडा आणि कांदा-लसूण चटणी पण टाकीन म्हणते.


पंचगंगा_ते_एल्बे:

काकू, पार्सलमधनं तूप, पेढे, बर्फी, दुधाचं आणि मांसाचं काहीच पाठवू नका, युरोपात बाहेरनं आलेल्या पार्सलमध्ये ते चालत नाही, कस्टमवाले काढून घेतात आणि कधीकधी सगळं पार्सलच अडकतं. चिवडा आणि चटणी तेलातली पाठवा, डबल पिशवीत, वर काय आहे ते इंग्लिशमध्ये स्पष्ट लिहा, आणि ह्याच आठवड्यात टाका, नाताळच्या तोंडावर तिथं पोस्टात ढीग लागतो.

शंकरपाळ्या तिलाच तिथं करू द्या. दुकानात पिठाच्या पाकिटावर टाइप ४०५ लिहिलेलं असतं ते घ्यायचं, तोच तिथला मैदा. तुपाऐवजी बिनमिठाचं बटर वितळवून, साखर दुधात विरघळवून, बाकी सगळं तुम्ही करता तसंच. तळायला आश्रमाच्या किचनमध्ये आधी विचारायचं, खोलीत तळायचं नाही, धुराचा अलार्म वाजतो आणि फायर ब्रिगेड येते. आणि जरा जास्त करायला सांगा, २४ च्या सकाळच्या शिफ्टला आज्यांना पण लागतील, फक्त पातळ लाटून आणि कमी तळून, कडक झाल्या तर त्यांना चावायच्या नाहीत.


जुनी_शाहूपुरी:

मोहन थोडं जास्त घातलं की खुसखुशीत होतात, दाताला लागत नाहीत. पाव किलो मैद्याला मी अर्धी वाटी घालते. आणि ताई, २४ ला संध्याकाळी लेक तिकडं वाचत असेल तेव्हा तुम्ही आणि सासूबाई आमच्याकडं या, चर्चला नाही आलात तरी घरी फराळाला या. पत्ता मेसेजमध्ये पाठवते.


राजारामपुरीची_आई:

नक्की येतो बाई. सासूबाईंनी आत्ताच विचारलं चकल्या आणू का म्हणून.